पाककृतीचे हलते इन्फोग्राफिक कसे करावे: उदाहरण उकडीच्या मोदकाचे

पाककृतीचा व्हिडिओ आणि पाककृतीचे ॲनिमेटेड इन्फोग्राफिक (म्हणजे साध्या हलत्या चित्रांतून आणि मोजक्या शब्दांतून कृती सांगणारा तक्ता) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात न घेता दिलेले सल्ले जागोजागी वाचायला मिळतात. एखादे आकर्षक टेम्प्लेट घ्यावे, त्यात भाज्यांची चित्रे बसवावीत आणि प्रत्येक पायरीला एकेक इफेक्ट द्यावा, असे त्या सल्ल्यांचे सार असते. तसे केल्याने दिसायला देखणे काहीतरी हाती येते, पण त्यावरून पदार्थ करता येत नाही. माझी कसोटी एकच आहे. पाहणाऱ्याने फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला आहे, त्याचे हात पिठात आहेत, आवाज बंद आहे आणि त्याने चित्र दोनदा पाहिले आहे, एवढ्यावर त्याचा पदार्थ जमला पाहिजे.

उदाहरणासाठी उकडीचे मोदक मुद्दाम निवडले आहेत. त्यात दोन कामे शेजारी-शेजारी चालतात, मोजमापापेक्षा खुणांवर अधिक भर असतो आणि शेवटी हाताचे कसब लागते. मोदकाचे इन्फोग्राफिक ज्याला जमले, त्याला पोहे किंवा आमटीचे सहज जमेल.

पाककृती तुमच्या हाताखालून अनेकदा गेलेली आहे आणि प्रमाण पक्के आहे, असे मी गृहीत धरतो. आपले प्रमाण असे: दोन वाट्या तांदळाची पिठी, दोन वाट्या पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, सारणासाठी दोन वाट्या खवलेला ओला नारळ, एक वाटी चिरलेला गूळ आणि वेलचीपूड. साधन म्हणून मी पॉवरपॉइंट वापरतो, कारण ते बहुतेकांकडे असते आणि २०१९ च्या आवृत्तीपासून त्यात ‘मॉर्फ’ नावाचे ट्रान्झिशन (एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना चित्र हलवत बदलण्याची सोय) आहे, जे या कामाला पुरेसे पडते. आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर येत असेल तर उत्तमच, पण त्याच्या अभावी काम अडत नाही.

पायरी पहिली: पाककृतीचा अवस्थांमध्ये तक्ता करणे

सगळे काम इथे ठरते. या पायरीवर एक पूर्ण संध्याकाळ द्यावी, आणि ती होईपर्यंत संगणक उघडू नये.

लिहिलेली पाककृती क्रियापदांवर चालते: घाला, ढवळा, झाका, मळा. नवशिका माणूस या क्रियापदांचीच चित्रे काढू लागतो, त्यामुळे पडद्यावर चमचा गोल फिरत राहतो, पिठी वरून पडत राहते आणि पाहणाऱ्याला त्यातून नवे काही कळत नाही. ढवळणे म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक असते. ढवळणे कधी थांबवायचे, हे ठाऊक नसते. म्हणून कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात भांड्यातला पदार्थ आता कसा दिसतो ते लिहावे, तिसऱ्यात तो पुढे कसा दिसायला हवा ते, आणि मधल्या रकान्यात एका अवस्थेतून दुसरीत गेल्याची खूण. क्रियापदाला या तक्त्यात जागाच नाही.

सारणाचा तक्ता पाहा. पहिल्या रकान्यात पांढरा, सुटा नारळ आणि त्यावर गुळाचे खडे. तिसऱ्यात बदामी रंगाचे, ओलसर, पण पाणी न सुटणारे सारण. मधली खूण अशी की गूळ आधी विरघळून कढईच्या तळाशी पातळ होतो आणि मग तेच पाणी आटून सारण कडा सोडू लागते. हा ‘आधी पातळ, मग घट्ट’ असा उलटफेर चित्रात आलाच पाहिजे, कारण सारण पातळ झालेले पाहून नवखा माणूस घाबरतो आणि आणखी नारळ घालतो. याउलट वेलचीपूड घालण्याला तक्त्यात एक ओळही लागत नाही. तिने पदार्थाची अवस्था बदलत नाही, ती अखेरच्या चित्रात एका चिमटीने दाखवली की झाले.

तक्ता झाला की प्रत्येक ओळीसमोर पडद्यावरचे सेकंद लिहायचे. याच ठिकाणी मी स्वतः मोठी चूक केली होती, म्हणून ती सविस्तर सांगतो.

माझे पहिले मोदकाचे इन्फोग्राफिक आठ चौकटींचे होते आणि प्रत्येक चौकटीला ५ सेकंद दिलेले होते, कारण टेम्प्लेट तसे होते. माझी भाची त्या वर्षी पहिल्यांदा घरापासून दूर गणपती बसवत होती, म्हणून मी ते तिला पाठवले. चतुर्थीच्या सकाळी तिचा फोन आला, ‘मामा, पारीला चिरा पडताहेत, एकही मोदक मिटत नाही.’ बोलण्यातून उलगडा झाला. तिने उकड झाकून ठेवली आणि ती पूर्ण निवल्यावर मळायला घेतली. तिने पाहिलेल्या चित्रात मळण्याच्या चौकटीत वाफ नव्हती. चौकट मोकळी दिसावी म्हणून वाफेच्या दोन रेषा मीच पुसल्या होत्या. उकड गरम असतानाच मळायची असते, हात सोसत नसेल तर वाटीच्या बुडाने रगडून मग तुपापाण्याच्या हाताने मळायची असते, ही मोदकातली सर्वांत नाजूक गोष्ट, आणि नेमकी तीच मी ५ सेकंदांत, थंड पांढऱ्या गोळ्याच्या चित्रात गुंडाळली होती. त्या दिवशी नैवेद्याला तिने तळणीचे मोदक केले. तिची सकाळ माझ्या चित्रामुळे वाया गेली याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: स्वयंपाकघरात किती वेळ लागतो यावर पडद्यावरचे सेकंद ठरवायचे नाहीत, आणि ते सगळ्यांना सारखे तर मुळीच वाटायचे नाहीत, जिथे चूक होते तिथे ते खर्च करायचे. मोदक उकडायला १० ते १२ मिनिटे लागतात, पण तेवढ्या वेळात करणाऱ्याने काही बिघडवण्याचा संभव फार थोडा, म्हणून त्याला ३ सेकंद पुरतात. उकड मळायला पाच-सात मिनिटे लागतात, पण तिला १० सेकंद हवेत. माझी आजची वाटणी अशी आहे: साहित्य ५ सेकंद, सारण ९, पाणी आणि पिठी ७, झाकून ठेवणे ४, मळणे १०, पारी आणि कळ्या १२, उकडणे ३ आणि अखेरची स्थिर चौकट ५. एकूण ५५ सेकंद होतात. एका मिनिटापलीकडे जाऊ नये, कारण ओट्याशी उभा असलेला माणूस त्याहून लांब चित्र पुन्हा पहिल्यापासून पाहत नाही.

अशी वाटणी केल्यावर एक नवा धोका उभा राहतो. पडद्यावर ३ सेकंदांत उकडलेला मोदक प्रत्यक्षातही झटकन होतो, असा समज होऊ शकतो. म्हणून जिथे खरा वेळ आणि पडद्यावरचा वेळ यांत मोठे अंतर आहे, तिथे कोपऱ्यात एक साधे घड्याळ ठेवावे, त्याचा काटा फिरवावा आणि ‘१० ते १२ मिनिटे’ हा आकडा काटा थांबल्यानंतरही सेकंदभर तसाच ठेवावा. घड्याळ फक्त वाट पाहण्याच्या जागी दाखवावे. मळताना ते दाखवू नये. तिथे पाहणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे न जाता गोळ्याच्या पृष्ठभागाकडे जायला हवे, जो आधी खडबडीत असतो आणि शेवटी लोण्यासारखा गुळगुळीत होतो.

तिसरी अडचण शेजारी-शेजारी चालणाऱ्या कामांची. सारण निवत असते तेव्हा उकड शिजत असते. लिहिताना ‘तोवर’ एवढा शब्द पुरतो, चित्रात ‘तोवर’ काढता येत नाही. मी चौकटीचे दोन उभे पट्टे करतो, डावीकडे सारण आणि उजवीकडे उकड, आणि पारी भरण्याच्या क्षणी मधली रेघ पुसतो. मात्र दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी हालचाल कधीही ठेवू नये. उजवीकडे पाणी उकळत असेल तर डावीकडचे सारण निश्चल आणि किंचित फिके असावे. या नियमाला अपवाद करावा असा प्रसंग माझ्यासमोर अजून आलेला नाही.

पायरी दुसरी: चित्रे

चित्रे सपाट आणि साधी असावीत, सावल्या आणि चकाकी नको. मोदकाच्या बाबतीत मात्र रंगाचा प्रश्न खरा आहे. नारळ पांढरा, पिठी पांढरी, उकड पांढरी आणि मोदकही पांढरा, त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर सगळे विरून जाते. मी केळीच्या पानाचा गडद हिरवा रंग मागे घेतो आणि चारही पांढऱ्यांना थोडा वेगळा पोत देतो: नारळाला बारीक रेषा, पिठीला ठिपके, उकडीला नितळ कडा आणि, एवढा एकच अपवाद म्हणून, उकडलेल्या मोदकाला एक ओलसर चमक. वाटी सर्वत्र एकाच मापाची आणि एकाच आकाराची काढावी. साहित्याच्या चौकटीत मोठी आणि पुढे लहान वाटी दिसली तर पाहणाऱ्याला ती दोन वेगळी मापे वाटतात.

कळ्या पाडणे वरून दाखवावे, बाजूने दाखवू नये. वरून पाहिले की पारी हे एक वर्तुळ असते आणि अंगठा व बोटे नेमकी कुठे चिमटतात, दोन कळ्यांमध्ये किती अंतर राहते, ते स्पष्ट होते. सगळ्या कळ्या पाडून झाल्यावर, मोदक मिटताना, एकदाच बाजूचे दृश्य घ्यावे.

पायरी तिसरी: अक्षरे

एका चौकटीत एकच वाक्य असावे आणि ते सात-आठ शब्दांपेक्षा मोठे नसावे. वाक्य किती वेळ ठेवायचे, हे स्वतः मोठ्याने सावकाश दोनदा वाचून ठरवावे. मनातल्या मनात वाचलेले मोजू नये, कारण ते वाक्य तुम्हीच लिहिलेले असल्यामुळे तुम्ही ते वाचतच नाही, आठवता.

एकेक अक्षर टंकल्यासारखे उमटवण्याचा इफेक्ट देवनागरीला कधीही देऊ नये. अनेक सॉफ्टवेअर अक्षरे वेगळी करताना काना, मात्रा आणि वेलांट्या सुट्या धरतात, ‘पिठी’ची पहिली वेलांटी एकटीच लोंबकळते आणि जोडाक्षरे क्षणभर पाय मोडलेली दिसतात. पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ हलकेच उमटू द्यावी. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे टंक मोबाइलच्या पडद्यावर स्वच्छ दिसतात. नोटो घेतल्यास मजकुराची भाषा मराठी ठेवून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ येतो का ते पाहावे. ओळींमध्ये इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त अंतर ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत अडकतात.

पायरी चौथी: हालचाल

स्लाइडचा आकार आधीच उभा, ९ बाय १६ करावा. तक्त्यातल्या पहिल्या अवस्थेची एक स्लाइड करावी, तिची प्रत काढावी, प्रतीत पदार्थ पुढच्या अवस्थेत न्यावा आणि प्रतीला मॉर्फ लावावे. मधली हालचाल सॉफ्टवेअर स्वतः भरते. गोळ्याची पारी होताना मॉर्फ कधी कधी भलत्याच आकाराशी जोडी लावते. त्यावर उपाय असा की सिलेक्शन पेनमध्ये (स्लाइडवरच्या आकारांची नावे दाखवणाऱ्या यादीत) दोन्ही स्लाइडवरच्या त्या आकाराला एकच नाव द्यावे आणि नावाच्या आधी दोन उद्गारचिन्हे टाकावीत, म्हणजे जोडी पक्की होते. हे कळण्यापूर्वी मी गोळ्याच्या जागी तुपाचा चमचा फुगताना पाहिलेला आहे.

बदल घडताना हालचाल एक-दीड सेकंदाची असावी आणि तो पूर्ण झाल्यावर चित्र निश्चल थांबावे. खूण ओळखली जाते ती त्या थांबलेल्या क्षणी. सतत हलत राहणारे एकच चित्र मी ठेवतो, ते वाफेचे, आणि ते गरम उकडीवरून गोळा गुळगुळीत होईपर्यंत हटवत नाही.

पायरी पाचवी: फाइल काढणे आणि तपासणे

फाइल एमपीफोर स्वरूपात काढावी. जिफमध्ये एका चौकटीला २५६ च रंग मिळतात, त्यामुळे वाफेच्या फिक्या छटांचे पट्टे पडतात. चौकटीच्या तळाशी महत्त्वाचा मजकूर ठेवू नये, कारण उभे व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपमध्ये तिथे बटणे आणि नावे येतात.

तपासणीसाठी ज्याने मोदक कधीही केलेले नाहीत असा माणूस गाठावा, त्याला चित्र दोनदा दाखवावे आणि तो पदार्थ करत असताना आपण गप्प बसावे. तो जिथे थांबून तुमच्याकडे पाहील, ती चौकट तक्त्यात शोधून तिला आणखी २ सेकंद द्यावेत आणि ते साहित्याच्या किंवा उकडण्याच्या चौकटीतून काढून घ्यावेत.

अखेरच्या स्थिर चौकटीत सगळी मापे एकत्र द्यावीत. लोक तिचाच स्क्रीनशॉट काढून ठेवतात, म्हणून ती एकटीही पूर्ण असावी: पिठी आणि पाणी समप्रमाणात, नारळाच्या निम्मा गूळ, आणि ‘उकड गरम असतानाच मळावी’ हे वाक्य. तांदूळ नवा की जुना यावर पाणी थोडे कमी-जास्त लागते, तेही तिथेच एका ओळीत लिहावे. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. व्हिडिओ म्हणून जोडली तर ती दाबली जाते आणि गोळ्याचा खडबडीतपणा, ज्यासाठी एवढे सेकंद राखून ठेवले, तोच पुसट होतो.