बॅच शिकली, टीम तशीच राहिली

जळगावात मी सुरुवातीची चार वर्षं एक्सेल शिकवलं. भुसावळ, अमळनेर, चाळीसगावहून पोरं यायची. वीस जणांची बॅच, प्रत्येकाचं कॉम्प्युटर वेगळं, गरजही वेगळी. कुणाला नोकरीसाठी हवं, कुणाला दुकानाच्या हिशेबासाठी. एखाद्याने दांडी मारली तर नुकसान त्याचं एकट्याचं. शेजारच्याला व्ही-लुकअप जमलं नाही म्हणून आपलं शीट अडत नाही. अशी बॅच सांभाळता आली म्हणजे आपण ट्रेनर झालो, असं मला वाटायचं. या कामात नव्याने येणाऱ्या बहुतेकांना तसंच वाटतं, म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या पॅकहाऊसमधून बोलावणं आलं. एक्स्पोर्टचा माल, 13 किलोचा बॉक्स, आणि सालीवर चिकाचे काळे डाग पडतात ही तक्रार. मी सवयीप्रमाणे बॅचेस पाडल्या. सोमवारी घडाच्या फण्या करणारे, मंगळवारी टाकीवर धुणारे, बुधवारी वजन-पॅकिंगवाले. शेवटी तोंडी परीक्षा. फणी कापली की चीक गळतो, तो थांबेपर्यंत ती तुरटीच्या पाण्यात राहू द्यायची, हे टाकीवरच्या पोराने मला घडाघडा सांगितलं. सगळे पास. पुढच्या आठवड्यात डाग जसेच्या तसे.

मग अर्धा दिवस स्टूल टाकून गप्प बसलो. खरं तर सुरुवातच इथून करायला हवी होती. दुपारी गाडी भरायची म्हणून पॅकिंगवाले "माल येऊ द्या, माल!" ओरडत होते. दुसऱ्या टोकाला फण्यांचा ढीग वाढत होता, टाकीत जागा उरली नव्हती. मधला पोरगा दोन्हीकडून चेपला गेलेला. चीक थांबायच्या आत फणी काढून पुढे सरकवत होता. असं का, विचारलं तर म्हणाला, "मले समजतं ना सर, पण ते थांबतीन का?"

त्याला शिकवण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. घोटाळा होता तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात माल जातो तिथे, आणि त्या जागेची बॅच मी काढलीच नव्हती.

1995 साली लियांग, मोरलँड आणि अर्गोट या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रेडिओ जोडायला काहींना एकेकटं शिकवलं, काहींना ज्यांच्यासोबत जोडायचा त्यांच्यासोबतच. सोबत शिकलेल्या गटांच्या चुका कमी झाल्या, कारण कुणाला काय येतं हे त्यांना एकमेकांबद्दल ठाऊक होतं. मला हे फार उशिरा वाचायला मिळालं.

दुसऱ्या खेपेला पूर्ण लाईन एकत्र बोलावली, खरा माल घेऊन. पहिला तास वाया गेला. काही अडचण आहे का विचारलं की सगळे मुकादमाकडे बघायचे. अनोळखी लोकांच्या बॅचमध्ये ही भानगड नसते. टीममध्ये जुनी भांडणं, उधारी, नातीगोती सगळं सोबत येऊन बसतं. शेवटी मी मुकादमालाच टाकीवर उभं केलं आणि पॅकिंगवाल्यांना म्हटलं, आता ओरडा. दहा मिनिटांत त्याची तारांबळ उडाली आणि लोक मोकळे हसले. त्यानंतर बोलणं सुरू झालं. तोडगा त्यांनीच काढला: टाकी भरली की फण्या करणाऱ्याने सुरी खाली ठेवायची, आणि माल कधी काढायचा हे टाकीवरचाच सांगेल. मी फक्त तो नियम मुकादमाच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेतला. मुकादम नसता तर तो नियम संध्याकाळपर्यंतही टिकला नसता.

म्हणून आता टीमचं काम घेताना मी आधी एक दिवस नुसता बघायला मागतो, आणि तपासताना माणसाला प्रश्न न विचारता भरलेला बॉक्स उघडून बघतो.

महिनाभराने फण्या करणारे दोघं सोडून गेले, नवे आले. मालक म्हणाला, "नव्या दोघांनाच शिकवा ना, बाकीच्यांचा वेळ कशाला?" मी म्हटलं, लाईन नवी झाली, सगळे लागतील. बरीच घासाघीस झाली. शेवटी तासभर लाईन बंद ठेवायला तो तयार झाला, तेही जेवणाच्या सुट्टीला जोडून.