रीअ‍ॅडमिशन धोरणांची देशोदेशींची तुलना: या चुका टाळा

रुग्णालयातून डिस्चार्ज मिळालेला रुग्ण थोड्याच दिवसांत पुन्हा दाखल होणे म्हणजे रीअ‍ॅडमिशन. निरनिराळ्या देशांच्या रीअ‍ॅडमिशन धोरणांची तुलना करणारे अहवाल माझ्याकडे तपासायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या पहिल्याच पानावर देशांची टक्केवारी एका तक्त्यात मांडून क्रमांकही लावलेले असतात. नियम वाचण्याआधी आकडे उचलण्याची ही घाई मला आता असह्य होते.

‘डिस्चार्जनंतर ३० दिवस’ एवढे शब्द जुळले की मोजणीही जुळली, असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांची सरकारी आरोग्यविमा योजना रीअ‍ॅडमिशन जास्त असलेल्या रुग्णालयांना दंड म्हणून कमी पैसे देते; हा दंड ठरवताना रुग्ण मुदतीत दुसऱ्याच रुग्णालयात अनियोजितपणे दाखल झाला, तरी ते पहिल्या रुग्णालयाच्या खात्यावर मोजले जाते. जर्मनीच्या डीआरजी पद्धतीत (निदान व उपचारांच्या गटानुसार प्रत्येक केसला ठरावीक रक्कम) मात्र रुग्ण ठरावीक मुदतीत आणि ठरावीक अटींत बसून त्याच रुग्णालयात परतला, तर दोन्ही मुक्काम जोडून एकच केस धरली जाते व एकच बिल निघते. एका मसुद्यात जर्मनीचा दर फारच कमी दिसला आणि लेखकाने तेथील डिस्चार्ज नियोजनाचे दोन परिच्छेदभर गोडवे गायले होते. मी मूळ बिलिंगच्या ओळी मागवल्या. अनेक केसमध्ये दाखल आणि डिस्चार्ज या तारखांमधले दिवस नोंदलेल्या मुक्कामापेक्षा जास्त भरत होते. मधल्या काळात रुग्ण घरी होता आणि त्याचे परत येणे जोडलेल्या केसमध्ये गडप झाले होते. दोन्ही परिच्छेद कापावे लागले. तेव्हापासून कोणाचे रुग्ण, कोणते रुग्णालय, कोणत्या दिवसापासून मोजणी आणि काय वगळले, हे चार रकाने भरल्याशिवाय मी आकड्याकडे पाहत नाही.

दुसरी चूक म्हणजे दर घटला की श्रेय दंडाला देऊन मोकळे होणे. अमेरिकेतील कायदा २०१० चा, दंडकपात ऑक्टोबर २०१२ पासून, कमाल मर्यादा सुरुवातीला १ टक्का आणि पुढे ३ टक्के. पण याच काळात, २०११ च्या आरंभी, मेडिकेअरच्या क्लेममध्ये नोंदवता येणाऱ्या निदानांची मर्यादा वाढून २५ झाली. कागदावर रुग्ण अधिक आजारी दिसू लागले, त्यामुळे जोखीम-समायोजित (रुग्ण किती आजारी होते हे हिशोबात धरून काढलेला) दर प्रत्यक्ष सुधारणेविनाही काहीसा खाली आला. शिवाय औपचारिकपणे दाखल न करता ‘निरीक्षणाखाली’ ठेवलेला रुग्ण रात्रभर खाटेवर असला, तरी त्याची गणना रीअ‍ॅडमिशनमध्ये होत नाही. म्हणून घटीचा आलेख दाखवणाऱ्याकडे मी आधी निरीक्षणाचे आकडे मागतो.

याच दंडाविषयी आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो: कपात मोजलेल्या स्थितींच्या देयकांपुरतीच असते, असा. प्रत्यक्षात मोजणी हृदयविकाराचा झटका, हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया अशा मोजक्या स्थितींची होते, पण कपात मेडिकेअरच्या सर्वच आंतररुग्ण मूळ देयकांवर लागते.

इंग्लंडने २०११ मध्ये आणलेला, नियोजित उपचारानंतर ३० दिवसांत होणाऱ्या आपत्कालीन रीअ‍ॅडमिशनचे पैसे नाकारणारा नियम २०१९-२० मध्ये मागे घेतला गेला; तो वर्तमानकाळात लिहू नये. ऑस्ट्रेलियात जुलै २०२१ पासून फक्त टाळता येण्याजोग्या रीअ‍ॅडमिशनचा विचार होतो आणि मुदत स्थितीनुसार बदलते, तेव्हा तेथे ३० चा आकडा सरसकट चिकटवू नये. मेडिकेअरच्या वयस्क रुग्णांशेजारी दुसऱ्या देशाची सर्व वयोगटांची आकडेवारी ठेवू नये. डिस्चार्जनंतर घरी दगावलेला रुग्ण पुन्हा दाखल होऊ शकत नाही, म्हणून मृत्यूचा रकाना त्याच तक्त्यात, रीअ‍ॅडमिशनच्या लगतच असावा.