'देव एकच' म्हणजे नेमकं काय? एमए तत्त्वज्ञानाला येणाऱ्यांसाठी

पहिल्या अंतर्गत परीक्षेत एकेश्वरवादावर मी दोन पानं शंकराचार्यांचं अद्वैत लिहून आलो. पंधरापैकी चार. समासात सरांची एक ओळ : 'एकेश्वरवादात दुसरा देव नाही, अद्वैतात दुसरं काहीच नाही.'

यंदा हा विषय घेत असाल, नेटसाठी किंवा यूपीएससीला, तर व्याख्या पाठ करण्याआधी दोन प्रश्न विचारा. देव किती मानलेत? भजायचं कितींना? दोन्हींचं उत्तर 'एक' आलं तर एकेश्वरवाद. इस्लामचा तौहीद हे त्याचं सर्वांत कडक रूप. देव अनेक असतील, पण भजायचं एकालाच, ही मोनोलॅट्री. 'माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत' ही बायबलच्या दहा आज्ञांमधली आज्ञा अनेक अभ्यासक अशी वाचतात, कारण इतर देव नाहीतच असं ती म्हणत नाही. ते स्पष्टपणे येतं बायबलमधल्याच यशयाच्या ग्रंथात, 44व्या अध्यायात.

हेनोथीइझम हा शब्द मॅक्स म्यूलरनं ऋग्वेदासाठी रूढ केला. ज्या देवाची स्तुती चालू, त्या घटकेला तोच सर्वश्रेष्ठ. मग इंद्र असो, अग्नी असो की वरुण. मला तो आजीमुळे कळला. मंगळवारी नागपूरच्या टेकडी गणपतीला 'तुझ्याशिवाय आहे कोण रे', आणि एकादशीला तेच वाक्य विठोबाला. खोटं दोन्हीकडे नाही.

विदर्भातल्यांनी महानुभाव पंथ सोडू नये. चक्रधरस्वामींच्या विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ आहेत. देवता आहेत, फळही देतात, पण मर्यादित; मोक्ष देतो तो परमेश्वरच. वर्गातल्या एका मैत्रिणीचं घर महानुभावी. ती म्हणते, देवता खऱ्या मानल्या की पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'एक' राहतं कुठे? मी म्हणतो, परमेश्वर आणि देवता यांत पायरीचा नाही, मूळ स्वरूपाचाच फरक आहे, म्हणून हा एकेश्वरवादच. तर्री-पोहे संपले, भांडण नाही.

डीइझम (देवानं जग घडवलं आणि तो बाजूला झाला) आणि स्पिनोझाचा सर्वेश्वरवाद (निसर्ग हाच देव) यांचा प्रश्न वेगळा आहे : देवाचं जगाशी नातं काय? ते मोजणीत घुसडू नका. ख्रिस्ती त्रैक्याला 'तीन देव' म्हणण्याची चूकही दरवर्षी कुणीतरी करतंच. तिथे देव एक, व्यक्ती तीन. माझे त्यात दोन गुण गेले, दुसऱ्या परीक्षेत.