प्रतिकारक गहू निवडायचा कसा? आधी पान पुसून बघा

डिसेंबरात एका सकाळी आबा, म्हणजे माझे सासरे, गव्हाचं पान घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. "सूनबाई, बागेतली भुरी गव्हात उतरली बघ." भुरी म्हणजे पानावर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, आणि त्या पानावर पांढरी पूड होती खरी. मी ओल्या बोटानं पुसलं तर खाली पान हिरवंगार. शेजारच्या बागेत धुरळलेलं गंधक वाऱ्यानं आमच्याकडं आलं होतं. आमच्या सोलापूरकडच्या नान्नजला द्राक्षबाग आणि गव्हाचं रान बांधाला बांध लावून असतं, त्यामुळं हा घोळ घरोघरी होतो.

म्हणून वाण बघायच्या आधी रोग ओळखायला शिका. खरी भुरी पुसली की खालचं पान फिकट पिवळं दिसतं. डाग जुना असेल तर राखाडी बुरशीत टाचणीच्या टोकाहून बारीक काळे ठिपके दिसतात. तांबेरा, म्हणजे गव्हाचा दुसरा बुरशीरोग, असेल तर बोटाला विटकरी भुकटी लागते. आणि द्राक्षाची भुरी गव्हावर येत नाही. दोन्ही बुरश्या वेगळ्या आहेत, दोघींना जिवंत झाडच लागतं आणि दोघी आपापलं पीक सोडत नाहीत. आबांना हे पटायला दोन हंगाम लागले.

गव्हाच्या भुरीला साधारण १५ ते २२ अंश तापमान आणि दमट, ढगाळ हवा मानवते. म्हणून ती हिमाचल, उत्तराखंडाकडं जास्त. सोलापुरात जानेवारीतही दुपारी ३० अंशांच्या आसपास ऊन असतं, त्यामुळं आपला खरा वैरी तांबेराच. तरी भुरीची गोष्ट सांगते, कारण प्रतिकार कसा मोडतो ते तिच्यात स्वच्छ दिसतं.

गव्हात भुरीविरुद्धची साठाहून जास्त जनुकं शोधली गेली आहेत. त्यातली बरीचशी राखणदारासारखी असतात: बुरशीचा एक ठरावीक चेहरा ओळखला की त्या जागची पेशीच मारून टाकायची, म्हणजे बुरशी उपाशी मरते. पण बुरशीनं चेहरा बदलला की राखणदार आंधळा. 'पीएम ८' हे जनुक राय नावाच्या धान्यातून आलं (आपली मोहरी-राई नव्हे, गव्हाची चुलत बहीण). गुणसूत्राच्या त्याच तुकड्यावर नारिंगी, पिवळा आणि काळा अशा तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची जनुकं होती, म्हणून जगभरच्या वाणांत तो तुकडा घातला गेला. पंजाबात गाजलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही तो आहे. सगळ्या दारांवर एकच राखणदार बसवला, आणि बुरशीनं त्यालाच चकवलं. आज पीएम ८ बहुतेक ठिकाणी निकामी आहे.

दुसरी जात संथ जनुकांची. 'एलआर ३४' हे नारिंगी तांबेऱ्याच्या नावानं ओळखलं जातं, पण ते पिवळ्या तांबेऱ्याला आणि भुरीलाही आवर घालतं. रोग येतो, पण रांगत येतो. रोपात याचा प्रभाव दिसत नाही, पीक मोठं झाल्यावर दिसतो. शेवटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पानाचं टोक वाळणं ही त्याची खूण. त्याला रोग समजून फवारा मारू नका.

आता दुकानात काय विचारायचं? मी एकदा पिशवीवर 'रोगप्रतिकारक' एवढंच वाचून बी आणलं आणि फेब्रुवारीत तांबडं शेत बघितलं. तेव्हापासून विचारते: कुठल्या रोगाला? रोपात की मोठ्या पिकात? वाण किती वर्षांपूर्वीचा? दुकानदाराला सांगता आलं नाही तर निफाडच्या कृषी संशोधन केंद्राकडं, महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्राकडं किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेकडं विचारा. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे वाण निफाडचे, एमएसीएस ६२२२ आघारकरचा.

मग घरची चाचणी. विहिरीजवळ चार-पाच वाणांच्या दोन-दोन ओळी, २२.५ सेंटीमीटरवर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मधे आणि कडेला लोकवन पेरा. चपातीला झकास, पण तांबेऱ्याला बळी पडणारा, म्हणून तोच हवा. युरिया आणि पाणी सगळ्यांना सारखं, बुरशीनाशक कुणालाच नाही. ओंबी बाहेर पडल्यापासून दर रविवारी प्रत्येक वाणाच्या दहा ताटांचं, म्हणजे उभ्या दांड्यांचं, शेवटचं पान बघा आणि तांबेऱ्यानं किती टक्के झाकलं ते वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, वाढीच्या वेगाला आहे. समजा लोकवन दोन आठवड्यांत ५ वरून ६० वर गेला आणि शेजारचा वाण ५ वरून १५ वर, तर शेजारचा ठेवा. पण लोकवनच स्वच्छ राहिला तर त्या वर्षीची वही बाजूला ठेवा. चोर आलाच नाही तर राखणदार कसा कळणार?

भुरीसाठी हीच चाचणी करायची हौस मलाही आली होती. पण हिमाचलातून रोगट पानं आणू नका, आपल्या हातानं रोग आणल्यासारखं होईल.

तांबड्या ओळीत एखादं ताट स्वच्छ दिसलं तर सुतळी बांधा. शरद सीडलेस ही द्राक्षाची जात आमच्याच नान्नजला नानासाहेब काळ्यांनी एका वेगळ्या फांदीवरून निवडली, त्यामुळं वेगळं काही दिसलं की इथं कुणी उपटत नाही. गहू स्वतःच्याच परागावर धरतो, म्हणून त्या ओंबीचं बी वेगळं ठेवून पुढच्या वर्षी एक ओळ पेरता येते. मात्र ताट दुसऱ्याच वाणाचं भेसळीचं असू शकतं, किंवा नुसतं नशिबानं सुटलेलं. ओळ दुसऱ्या वर्षीही तांबड्या शेजाऱ्यांत स्वच्छ राहिली तरच पुढं जा.

आमच्याकडं यंदा सुतळीची तीन ताटं आहेत. चौथी सुतळी आबांनी खपली गव्हाला बांधलीय. खपली मुळातच तांबेऱ्याला बरीच दाद देत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "रोगासाठी नाही गं, हुग्गीसाठी, गव्हाच्या खिरीसाठी ठेवलीय."