'अपील फेटाळले' म्हणजे नेमकं काय फेटाळलं?

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात (शहराचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं अजून नाही) ज्युनियर म्हणून लागलो त्याला महिनाही झाला नव्हता. सीनियरांनी सांगितलं, घटस्फोटाचं मॅटर आहे, 'क्रूरता' या मुद्द्यावरचे निकाल काढून ठेव. मी रात्र जागवून अकरा निकाल काढले. प्रत्येकाची हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचली, शेवटचा परिच्छेद वाचला, पिवळा मार्कर फिरवला. दुसऱ्या दिवशी सीनियर शेजारच्या कोर्टात अडकले आणि आमचं मॅटर पुकारलं गेलं. मुकाट्याने पासओव्हर, म्हणजे मॅटर थोडं नंतर पुकारायची सवलत, मागायचा, तर मी उत्साहाने पहिला निकाल पुढे केला. न्यायमूर्तींनी शांतपणे विचारलं, "हा फर्स्ट अपिलातला आहे की सेकंड अपिलातला?"

मला सांगता आलं नाही. कारण मी निकाल वाचलाच नव्हता, त्याचा शेवट वाचला होता.

उच्च न्यायालयाचे निकाल नव्याने वाचायला लागलेल्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगतो. हे प्रकरण इथवर कोणत्या कलमाने आलं, हे कळल्याशिवाय पुढचं पान उलटू नका. त्या कलमावरून समजतं की न्यायाधीशांचे हात किती मोकळे होते.

घटस्फोटाचंच घ्या. कौटुंबिक न्यायालय सगळीकडे नाही. जिथे आहे, तिथल्या निकालावर कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 19 खाली अपील थेट उच्च न्यायालयात येतं आणि ते दोन न्यायमूर्तींपुढे चालतं. तिथे पुरावा पुन्हा तोलता येतो. नवऱ्याची उलटतपासणी, बायकोची पत्रं, सगळं नव्याने वाचलं जातं. पण तालुक्याच्या ठिकाणी अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो, त्यावरचं पहिलं अपील जिल्हा न्यायालयात जातं आणि उच्च न्यायालयात येतं ते दुसरं अपील. म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 100, एकच न्यायमूर्ती आणि फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न. तोच कायदा, तशीच भांडणं, तरी एका वाटेने आलेल्या पक्षकाराला वस्तुस्थितीवर बोलता येतं आणि दुसऱ्याला जवळजवळ नाही. आमचं मॅटर दुसऱ्या वाटेचं होतं, माझे अकराच्या अकरा निकाल पहिल्या वाटेचे. त्यांतल्या न्यायमूर्तींनी जे केलं, ते आमच्या कोर्टाला करताच आलं नसतं.

पोटगीची वाट तिसरीच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144) कौटुंबिक न्यायालयाचा आदेश अपिलात जात नाही, रिव्हिजनमध्ये (फक्त आदेशातली उघड चूक तपासण्यापुरत्या अर्जात) जातो. रिव्हिजनमधल्या निकालात "हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही" असं वाचलं की पोटगीचा आकडा उच्च न्यायालयाला पसंत पडला असं समजू नका. आकडा तोंडावर मारण्याइतका चुकीचा नव्हता, एवढंच त्यातून कळतं. पोटगीच्या निकालांत 2020 ची रेघ मात्र लक्षात ठेवा. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, असं घालून दिलं. त्याआधीचे निकाल या दोन मुद्द्यांवर दाखवायला गेलात तर समोरचा वकील हसेल.

मुदतीचं एक. कौटुंबिक न्यायालय अधिनियमात अपिलाला 30 दिवस लिहिलेत, हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 28 मध्ये 2003 च्या दुरुस्तीनंतर 90. कोणते धरायचे यावर दोन-दोन न्यायमूर्तींच्या पीठांमध्ये मतभेद होते. शेवटी 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने (अशा मतभेदासाठी बसवलेल्या मोठ्या पीठाने) हिंदू विवाह अधिनियमाखालच्या हुकुमांसाठी 90 दिवस धरले. माझा सल्ला भित्र्या माणसाचा आहे: तरीही 30 च्या आत दाखल करा.

दिवाणीत आमच्याकडे मराठवाड्यात निम्मी भांडणं वाटपाची. सातबारा, फेरफार, तोंडी वाटणी झाली की नाही, बहिणीने हक्कसोड दिला की घेतला. सेकंड अपिलाचा निकाल हाती आला की आधी कायद्याचा प्रश्न शोधा. तो अपील दाखल करून घेतानाच ठरवलेला असतो आणि निकाल म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. प्रश्नाबाहेर न्यायमूर्ती शेतीबद्दल, भावकीबद्दल कितीही सुंदर लिहोत, तो भाग नजीर (पुढच्या प्रकरणात आधार) म्हणून वापरता येत नाही. आणि प्रश्नच ठरवला नसेल, अपील दाखल होतानाच फेटाळलं असेल, तर असा दोन पानांचा निकाल पुढच्या मॅटरमध्ये फारसा उपयोगी पडत नाही. सुरुवातीला मी असेच निकाल जास्त गोळा करायचो, कारण ते छोटे असायचे.

निकाल जिवंत आहे का, हेही बघावं लागतं. मुलींच्या सहदायिक हक्काबाबत, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या मुलाइतक्याच हक्काबाबत, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की 9 सप्टेंबर 2005 रोजी, हा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, मुलगी आणि वडील दोघंही हयात हवेत. पुढे बऱ्याच ठिकाणी तोच निकाल चालला, कितीतरी बहिणींचे दावे त्यावर अडले. 11 ऑगस्ट 2020 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्दबातल ठरवला: हक्क जन्माने मिळतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. अपील म्हणजे दावाच पुढे चालू असतो असं मानतात, त्यामुळे अंतिम हुकूमनामा न झालेल्या वाटपांत हिस्से बदलले. 2015 ते 2020 मधला उच्च न्यायालयाचा कुठलाही असा निकाल वाचताना समासात ही तारीख लिहून ठेवा.

फौजदारी अपिलात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पेपरबुकने (खालच्या कोर्टातल्या साक्षी-कागदांच्या बांधीव संचाने), निकालाने नाही. साक्षी मराठीत होतात, उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, मधे भाषांतर येतं. एका जन्मठेपेच्या अपिलात साक्षीदाराचं वाक्य होतं, "त्यानं त्याला मारलं." मारहाण केली की ठार मारलं? इंग्रजी प्रतीत दुसरा अर्थ उतरला होता. मूळ मराठी जबानी काढली तर पुढचंच वाक्य, "मग तो उठून घराकडे गेला." असं वाक्य कोणत्याही हेडनोटमध्ये सापडत नाही. मराठी येणं ही आपल्या पोरांची मोठी जमा बाजू आहे. इंग्रजीच्या न्यूनगंडात आपण ती विसरतो.

इथेही वाट बघावीच लागते. शिक्षेविरुद्धचं अपील (जुनं कलम 374, आता 415) आणि निर्दोष सुटकेविरुद्धचं अपील (जुनं 378, आता 419) यांत जमीन-अस्मानाचं अंतर. सुटकेविरुद्धच्या अपिलात दोन निष्कर्ष शक्य असतील, तर खालच्या कोर्टाचा निष्कर्ष टिकतो, न्यायमूर्तींना स्वतःला दुसरा पटत असला तरी. त्यामुळे "सुटका कायम" या शब्दांतून आरोपीने गुन्हा केला नव्हता असं न्यायालय म्हणालं, हे वर्तमानपत्री वाचन झालं. आणि शिक्षा स्थगित करून जामीन देणारा आदेश (जुनं 389, आता 430) पुराव्यावरचं शेवटचं मत म्हणून कधीच दाखवू नका. तो प्राथमिक नजरेतला असतो, बहुतेक वेळा त्यात तसं लिहिलेलंही असतं. परिस्थितीजन्य पुराव्यावरच्या जवळपास प्रत्येक निकालात पुण्यातल्या एका खटल्यावरच्या 1984 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली 'पंचशील', म्हणजे अशा पुराव्याच्या पाच कसोट्या, उद्धृत केलेली दिसेल. तो परिच्छेद एकदा पाठ करा आणि मग वगळून पुढे जायला शिका. खरा मजकूर त्यानंतर सुरू होतो, जिथे न्यायमूर्ती साखळीतली एकेक कडी हातात घेतात.

निकाल शोधणं आता सोपं झालंय. 2023 पासून प्रत्येक निकालाला न्यूट्रल सायटेशन (न्यायालयानेच दिलेला ओळखक्रमांक) असतं, त्यात पीठ कळतं आणि शेवटी 'डीबी' असेल तर दोन न्यायमूर्ती हेही कळतं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झाल्याने साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सहा जिल्ह्यांची मॅटर तिकडे गेली, तेव्हा जुन्या प्रकरणाचा माग काढताना हे ध्यानात ठेवा.

आणि ज्या निकालावर तुम्हालाच अपील करायचंय, त्याच्या नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज टाकायला तुम्ही लावलेले होत नाहीत. आमच्या चेंबरमध्ये एकदा तो अर्ज नऊ दिवस फाइलमध्येच राहिला, आणि विलंबमाफीच्या शपथपत्रात त्याचं कारण काय लिहायचं यावर दोन संध्याकाळी गेल्या. अर्ज टाकायचा राहिला होता तो माझाच.