मॅजिकचा नवा संच: पहिलं मत बनवताना

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा नवा संच जाहीर झाला की सगळ्यांचे डोळे मिथिक, म्हणजे सर्वात दुर्मीळ पत्त्यांकडे वळतात. मी मात्र आधी कॉमन, म्हणजे सहज मिळणारे पत्ते वाचते, आणि तुम्हीही तेच करा. बूस्टरमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या बंद पाकिटात, सर्वात जास्त तेच निघतात, त्यामुळे ड्राफ्टचा (पाकिटांतून एकेक पत्ता निवडून खेळायच्या डावाचा) वेग तेच ठरवतात.

सुरुवात दोन मॅनाच्या (मॅना म्हणजे पत्ता खेळायला खर्च होणारी ऊर्जा) प्राण्यांपासून, म्हणजे लढणाऱ्या पत्त्यांपासून करा. बहुतेकांची ताकद तीन असेल तर खेळ वेगवान होणार. एक ताकद आणि तीन-चार सहनशक्तीवाले भरपूर दिसले, तर महागडे पत्ते खेळायला सवड मिळेल. मग प्राणी मारणारे स्वस्त पत्ते पाहा. ते किती नुकसान करतात? तीन नुकसानाने मरणारा पाच मॅनाचा प्राणी मला तरी नको.

इन्स्टंट, म्हणजे समोरच्याच्या पाळीतही खेळता येणाऱ्या पत्त्यांची मात्र रंगवार, खर्चानुसार यादी कराच. समोरच्याने दोन निळ्या लँड (मॅना देणारे पत्ते) न वापरता मोकळ्या ठेवल्या, तर तो काय करू शकतो हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. पहिल्या आठवड्यात एवढा फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही!

नव्या मेकॅनिकला, म्हणजे संचातल्या पत्त्यांच्या नव्या खास नियमाला, एकच प्रश्न विचारा: सोबतीला काहीच नसताना हा पत्ता कामाचा आहे का?

नंतर सहा बूस्टर फोडून सीलबंद डेक, म्हणजे फक्त त्यांतल्याच पत्त्यांचा आणि साध्या लँडचा खेळायचा गठ्ठा, बांधा: चाळीस पत्ते, त्यात सतरा लँड. दुर्मीळ पत्त्यांच्या मोहात तीन रंग घेऊ नका. दोनच घ्या, आणि प्रत्येक डावानंतर हातात अडकून राहिलेले पत्ते लिहून ठेवा.