पर्यावरण सांभाळताय? सोलापुरात तरी या चुका टाळा

बांबूचा टूथब्रश आणला, स्टीलची स्ट्रॉ आणली आणि नळाला पाणी आलं तसं पिंपातलं उरलेलं 'शिळं' म्हणून मोरीत ओतलं. आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, पंपांनी उपसत येतं. मोरीत पाण्याबरोबर वीजही जाते. स्वच्छ, झाकलेल्या पिंपातलं पाणी चार दिवसांत बिघडत नाही. मन मानत नसेल तर प्यायला नवं घ्या, जुन्यात धुणं-भांडी उरका. पिंप घासायचं ते आपसूक रिकामं होईल तेव्हा.

आरओचं वाया जाणारं पाणी बरेच जण बादलीत धरतात, ते उत्तमच. पण ते रोज तुळशीला घातलं की पानांच्या कडा करपायला लागतात, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसा, संडासात टाका. कूलरमध्येही नको, पॅडवर पांढरा थर धरतो.

कूलरवरून आठवलं. पारा चाळिशीपार गेला की 'कूलरनं काही होत नाही' म्हणत एसी घेतला जातो. बहुतेकदा दोष खिडक्यांचा असतो, त्या गच्च बंद असतात! कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला हवी आणि आतली दमट हवा निघायला वाट हवी. तो खिडकीत बसवा, समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. तरी गार होत नसेल तर पॅड बदला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एसीच्या पाव हिश्श्याहून कमी विजेत काम भागतं. (पावसाळ्यात मात्र कूलरकडून अपेक्षा नको.) एसी असेलच तर १८ वर लावून अंगावर चादर ओढण्यात अर्थ नाही, मग ती सोलापुरी का असेना. २४ ते २६ पुरे. वीज वाचली की पाणीही वाचतं: फताटेवाडीचं १३२० मेगावॉटचं कोळशावरचं केंद्रही उजनीचंच पाणी पितं.

कापडी पिशव्यांनी कपाट भरलंय? ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेच्या २०११ च्या हिशेबानुसार सुती पिशवी १३१ वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती एकदाच वापरून फेकलेल्या प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानाला कमी जड ठरते. नवी घेऊ नका, जुन्या चादरीची शिवा.

घरच्या खताला वास येतो म्हणून पावसाळ्यात सोडून दिलं असेल तर सुका पाला मिसळा. उन्हाळ्यात उलटा त्रास: कचरा कुजण्याआधी वाळतो. गोणपाट ओलं करून वर टाका.

आणि वाढदिवसाचं झाड नान्नजकडच्या मोकळ्या माळावर लावू नका. तो माळ ओसाड नाही; माळढोक पक्ष्याला उघडं गवताळ रानच लागतं. कडुनिंब घराच्या पश्चिमेला लावा, जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर. मोठा झाला की दुपारनंतर तापणारी भिंत त्याच्या सावलीत येईल.